वनपतीचे पान

अबुल फजलाने 'आइन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना चांदा मुलखाचा जो परामर्श घेतला आहे तो अगदीच त्रोटक आहे. बाबजी नावाचा एक गोंड जमीनदार, त्याच्या दिमतीला चाळीस हजारांचे पायदळ, आणि त्याच्या अमलाखाली वैरागडचा टापू, जेथे हिऱ्यांची खाण आहे, एवढे सांगून हा चिकित्सक मुत्सद्दी पुढील महालांच्या जमाबंदीकडे वळतो. ते वैरागड आज गडचिरोली जिल्ह्याच्या आरमोरी तालुक्यात मोडते, आणि त्याच्या पडक्या तटावरून हिंडणाऱ्याला हिऱ्यांची आठवण देण्यासारखे तेथे आता काही उरलेले नाही. परंतु ज्या ग्रंथात आपल्या अरण्यप्रदेशाची बोळवण अशी चार शब्दांत झाली, त्याच ग्रंथात बादशहाच्या करमणुकीच्या प्रकरणात पत्त्यांच्या एका खेळासाठी अबुल फजलाने कितीतरी सढळ हाताने शाई खर्च केली आहे. या खेळाचे नाव गंजिफा. आणि गंमत अशी, की जमाबंदीच्या प्रकरणात आपल्याला अरण्य फारसे भेटत नाही, ते या खेळाच्या प्रकरणात साक्षात एका राजाच्या रूपाने भेटते.

पूर्वीच्या ज्ञात्यांनी बारा हा अंक आधारभूत धरून बारा रंगांचा आणि प्रत्येक रंगात बारा पानांचा असा एकशे चव्वेचाळीस पानांचा जोड सिद्ध केला. पण बाराही रंगांचे राजे एकमेकांपासून निराळे असावेत हे भान त्यांना राहिले नाही, अशी अबुल फजलाची तक्रार आहे, आणि बादशहाच्या जोडात ही उणीव कशी भरून निघाली हे तो मोठ्या कौतुकाने सांगतो. अश्वपती हा घोड्यावर बसलेला, दिल्लीच्या बादशहासारखा. गजपती हा ओरिसाच्या राजासारखा, ज्याचे बळ हत्तींत आहे. नरपती हा विजापूरकरांसारखा, ज्याची मदार पायदळावर. त्यांच्यामागून किल्ल्यांचा धनी गढपती, खजिन्याचा धनपती, सैन्याचा दलपती, नौकांचा नवपती, स्त्रियांचे राज्य चालविणारी राणी, देवांचा सुरपती, असुरांचा राजा, सापांचा अहिपती, आणि या मेळाव्यातच वनपती. वनपतीच्या रंगात राजा म्हणून वाघ काढलेला असतो, त्याच्याभोवती इतर जनावरे. वजीर म्हणून बिबट्या. आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंतच्या पानांवर रानातील श्वापदे. वाघ राजा आणि बिबट्या त्याचा वजीर, ही श्रेणी आग्र्याच्या दरबारात कोणी ठरविली असेल ती असो. ताडोब्याच्या रानात उभा जन्म काढलेल्या वाटाड्यालाही ती मान्य करण्यास अडचण पडू नये.

हे बारा पती वाचीत असताना चांद्याच्या कोटाचे दरवाजे डोळ्यांपुढे उभे राहिल्यावाचून राहत नाहीत. जटपुऱ्यातून आत शिरा की पठाणपुऱ्यातून बाहेर पडा, गोंडराजांचे जे चिन्ह त्या दगडी कमानींवर कोरलेले दिसते ते हत्तीवर मात करणाऱ्या सिंहाचे आहे. गजपतीला वनपतीने खाली दाबून धरले आहे, असे गंजिफा ठाऊक असलेल्या माणसाने त्याकडे पाहून म्हटले असते. अबुल फजलाच्या हिशेबाने पाहिले तर चांद्याचा राजा एकाच वेळी तीन रंगांत बसतो: चाळीस हजार पायदळामुळे नरपती, कोटकिल्ल्यांमुळे गढपती आणि मुलखाच्या जातीमुळे वनपती. पत्त्यांच्या जोडात राज्यांची अशी वर्गवारी लावण्यात नुसती कल्पकता नव्हती. कोणाचे सामर्थ्य कशात आहे, घोड्यात, हत्तीत, माणसांत की दुर्गम रानात, हे ओळखणे हा त्या काळच्या राजनीतीचा पहिला धडा होता, आणि तो फावल्या वेळी गादीवर बसून गिरविला जात होता.

अकबराने पुढे या जोडात आणखी फेरफार केले, आणि माझ्या मते या खेळाचा खरा रस या दुसऱ्या जोडात आहे. यात देव, असुर, साप, वाघ हे सगळे बाजूला सरले आणि त्यांच्या जागी बादशाही कारखाने आले. आठ रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण शहाण्णव. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश अशी पुढे रूढ झालेली त्यांची नावे. सफेद म्हणजे रुप्याचे नाणे, सुर्ख म्हणजे सोन्याचे, चंग म्हणजे तंतुवाद्य, किमाश म्हणजे माल-मत्ता. सोन्याच्या रंगात राजा द्रव्य वाटीत आहे, वजीर खजिन्याची पाहणी करीत आहे, आणि पुढील दहा पानांवर जवाहिऱ्या, धातू वितळविणारा, तुकडे पाडणारा, तोलणारा, ठसा मारणारा, मोहरा मोजणारा अशी टांकसाळीतील माणसे ओळीने कामाला लागलेली आहेत. शमशेरीच्या रंगात राजा तलवारीचे पोलाद पारखून पाहतो आणि वजीर शस्त्रागाराची झडती घेतो. गुलामांच्या रंगात राजा हत्तीवर, वजीर गाडीत, आणि बाकीच्या पानांवर चाकर: कोणी बसलेले, कोणी आडवे झालेले, कोणी शुद्धीवर, कोणी दारूच्या तारेत. दरबारचा इतिहासकार असूनही अबुल फजलाने ही शेवटची बाब गाळली नाही, याबद्दल त्याचे आभार मानावेसे वाटतात.

पण सर्वांत सुंदर रंग बरातीचा. बरात म्हणजे सरकारी देण्याचा कागद, अमक्या महालाच्या वसुलातून तमक्याला इतकी रक्कम द्यावी असा लेखी आदेश. या रंगाचा राजा फर्माने आणि सनदा पाहत आहे, वजिरापुढे दप्तर उघडे आहे, आणि त्यांच्या खाली कागद बनविणारा, कागदावर ओळी उठविण्याची पट्टी तयार करणारा, कारकून, चित्रकार, नक्षीदार, समासाच्या रेघा आखणारा, फर्मान लिहिणारा, पुस्तके बांधणारा आणि कागद रंगविणारा, असा सबंध दफ्तरखाना मांडलेला आहे. एका साम्राज्याने आपल्या कारकुनांना खेळाच्या पानांवर मानाने बसविल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. मराठी दप्तरांत हीच बरात 'वरात' होऊन आली. फलाण्यावर वरात दिली, वरातेचा ऐवज पावला, अशी वाक्ये मोडी कागदांत जागोजाग आढळतात. आणि रघूजी भोसल्याने १७५१ साली नीलकंठशहाचा पाडाव करून चांदा कायमचा नागपूरच्या राज्याला जोडला, तेव्हा फडणीस, कमाविसदार, हवालदार या मंडळींबरोबर याच दफ्तरी भाषेने या मुलखातही ठाणे दिले. आज वरात म्हटले की वाजंत्री आणि घोड्यावरचा नवरदेव एवढेच डोळ्यांपुढे येते, तो भाग वेगळा.

खेळण्याची रीत कळली तर या पानांचा मान अधिक कळतो. गंजिफाला तीन गडी लागतात. शहाण्णव पाने तिघांत बत्तीस-बत्तीस वाटली जातात. प्रत्येक रंगात राजा श्रेष्ठ, त्याखाली वजीर. पण त्याखालची उतरंड सर्व रंगांत सारखी नाही. ताज, सफेद, शमशेर आणि गुलाम या चार रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या चारांत नेमके उलटे, एक्का वजिराच्या मांडीला मांडी लावून बसतो आणि दश्शी तळाशी जाते. दिवसा खेळ मांडला असेल तर सुर्खाचा, म्हणजे सूर्याचा राजा ज्याच्या हाती त्याने उतारी करावयाची. रात्री सफेदाचा, म्हणजे चंद्राचा राजा ज्याच्या हाती त्याने. हुकूम नावाचा प्रकार या खेळात मुळीच नाही. एका रंगाने दुसऱ्या रंगाला कापण्याची मुभा नसल्यामुळे सारा डाव स्मरणशक्तीवर चालतो. कोणत्या रंगाचे कोणते पान उतरून गेले आणि त्यामुळे हातातील कोणते पान आता सर करून घेण्याजोगे झाले, हे शहाण्णव पानांच्या बाबतीत क्षणोक्षणी ध्यानात ठेवणे हेच खेळाडूचे कसब.

आता नावाकडे. 'गंजिफा' हा शब्द फार्सीतून आपल्याकडे आला यात वाद नाही. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये ठठ्ठ्याच्या शहा हुसेनाकडे गंजिफाचा जोड पाठविला, कारण त्याला तो खेळ आवडत असून त्याने त्याची मागणी केली होती, अशी नोंद बाबराने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात करून ठेवली आहे. हिंदुस्थानात या शब्दाचा याहून जुना धागा सहसा दाखविला जात नाही. परंतु शब्द त्याहून पुष्कळ जुना आहे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मिसरच्या मामलुक सुलतानांच्या काळातील पत्त्यांचा एक जोड जपलेला आहे; एल. ए. मायर या संशोधकाने १९३९ साली तो जगापुढे आणला. तलवारी, चौगानाच्या काठ्या, प्याले आणि नाणी असे चार रंग, एकूण बावन्न पानांचा तो मूळ जोड, आणि त्यातील एका पानावर 'कंजिफा' हा शब्द स्पष्ट लिहिलेला. पंधराव्या शतकातील एका मिसरी बखरीतही कंजिफात पैसे जिंकल्याचा उल्लेख आहे. म्हणजे काहिऱ्यापासून काबूलपर्यंत हा शब्द फिरत होता. त्याचा अर्थ मात्र प्रत्येकाने आपापल्या परीने लावला. फार्सीत 'गंज' म्हणजे खजिना, तेव्हा नाण्यांच्या रंगावरून हे नाव पडले असा एक पक्ष. चिनी भाषेत कागदी पानांना जे नाव आहे त्याचा हा अपभ्रंश असा दुसरा. दोन्ही पक्षांच्या हाती राजा नाही, असे निकालपत्र द्यावे लागते. तरी खजिन्याचा अर्थ मनाला भुरळ घालतो. आमच्या वडसा-देसाईगंजातील 'गंज' म्हणजे बाजारपेठ, तीही धान्याच्या कोठारापासूनच निघालेली. पण आमच्याच घरांत चुलीवर ज्यात वरण शिजते ते भांडेही गंजच, आणि त्यावरून गंजिफाची उपपत्ती लावू म्हणणारा विद्वान अजून निघाला नाही, हे आपले भाग्य.

त्या मामलुकी जोडातील राजाच्या खालच्या पानावर चित्र नाही, हुद्दा लिहिलेला आहे: नायब. आपल्या तहसील कचेरीतील नायब तहसीलदाराचा हा थेट पूर्वज. स्पेनमध्ये पत्त्यांना 'नाइपे' म्हणतात आणि १३७७ साली फ्लॉरेन्स शहराने ज्या नव्या खेळावर निर्बंध घातला त्याचे नाव 'नाइब्बे' असे आहे. बहुतेक अभ्यासक या दोन्ही शब्दांचे मूळ या नायबातच पाहतात. मुसलमानी दरबाराचा एक हुद्दा भूमध्यसमुद्र ओलांडून गेला आणि तेथे सबंध खेळाचे नाव होऊन बसला. पुढे सुमारे १४८० च्या आसपास फ्रेंच कारागिरांनी पानांवरील अवघड चित्रे काढून टाकून हृदय, फरशी, भाला आणि त्रिदल पान अशी चार सोपी, छापाने झरझर उठविता येणारी चिन्हे रूढ केली. आपल्याकडील बदाम, चौकट, इस्पिक आणि किलवर ती हीच.

याच पानांवर फ्रान्सात जो खेळ सर्वांत प्रतिष्ठा पावला तो पिके. दोन गडी, बत्तीस पाने, प्रत्येकाच्या हाती बारा आणि आठ पाने मध्ये. शंभर गुणांचा डाव. राबलेने सोळाव्या शतकात आपल्या नायकाच्या खेळांची जी लांबलचक जंत्री दिली आहे तीत तो आहे. त्याच्या नावाविषयी फ्रान्सातही गंजिफासारखाच घोळ. भाल्याच्या चिन्हाला फ्रेंचांत 'पिक' म्हणतात त्यावरून म्हणावे, की डावात एकदम मिळणाऱ्या जादा गुणांना तोच शब्द आहे त्यावरून, याचा उलगडा नाही. आणि सातव्या चार्लस राजाच्या पदरचा शूर सरदार ला हीर याने हा खेळ काढला ही लोकप्रिय कथा तर बदामाच्या गुलामाला त्याचे नाव आहे एवढ्याच आधारावर उभी आहे. १७२० साली दानिएल नावाच्या एका जेझुइट पाद्र्याने या कथेवर इतिहासाचा मुलामा चढविला. त्याच्या मते पिके हा खेळ म्हणजे राज्यकारभाराचे आणि युद्धशास्त्राचे रूपक: एक्का म्हणजे रोमन नाणे, अर्थात युद्धाचा खजिना; त्रिदल म्हणजे घोड्यांच्या वैरणीचे कुरण; भाला आणि फरशी म्हणजे शस्त्रांचे कोठार; हृदय म्हणजे सैनिकांचे धैर्य; आणि चार राजे म्हणजे दावीद, अलेक्झांडर, सीझर आणि शार्लमेन.

विद्वत्ता मोठी, पण केविलवाणी. छाप्यासाठी चिन्हे सोपी करताना ज्या पानांवरून कारागिरांनी राज्याची सर्व ओळख पुसून टाकली, त्याच पानांच्या ठिपक्यांत दानिएल महाशयांना खजिना, वैरण आणि शस्त्रागार शोधीत बसावे लागले. त्याच्या सव्वाशे वर्षे आधी आग्र्यात खजिन्याच्या पानावर तोलाऱ्या काटा घेऊन बसला होता आणि शस्त्रागाराच्या पानावर वजीर उभा होता. अर्थ लावण्याची गरज नव्हती, पान उलटून पाहिले की झाले. नावाच्या व्युत्पत्तीमागे धावणाऱ्यांनी पिके काय किंवा गंजिफा काय, दोन्हींत हात पोळून घेतले आहेत. खेळाची कुळकथा नावापेक्षा पानांवर अधिक सापडते, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत चालले आहे.

महाराष्ट्रात ही कुळकथा पुढे चालू राहिली ती सावंतवाडीत. तिसरे खेमसावंत (१७५५–१८०३) हे स्वतः विद्याव्यासंगी. त्यांच्या दरबारी धर्मचर्चेसाठी तेलंगणाकडून आलेल्या ब्राह्मणांनी हा खेळ तेथे आणला आणि राजाच्या इच्छेवरून तेथील चिताऱ्यांनी त्याची पाने रंगविण्यास आरंभ केला, अशी परंपरा आहे. ती खरी असण्यास भूगोलाची हरकत नाही. आपल्या दक्षिण सीमेवरून वाहणारी प्राणहिता ओलांडली की जो तेलंगण लागतो, त्यातील निर्मळचे नक्काशही एकेकाळी गंजिफा रंगविण्याबद्दल प्रसिद्ध होते.

सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी बादशाही आठ रंगांबरोबर दशावताराचा जोड उचलला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण एकशेवीस. राजा म्हणजे देवळीत विराजमान झालेला अवतार, वजीर म्हणजे त्याचा प्रधान, आणि बाकीच्या पानांवर मासे, कासवे, परशू अशी त्या त्या अवताराची खूण, जितका अंक तितक्या वेळा. नियम तेच, पाच रंगांत दश्शी मोठी, पाचांत एक्का. सूर्यचंद्रांच्या नाण्यांची जागा मात्र दोन अवतारांनी घेतली: दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती त्याची उतारी, रात्री कृष्णाचा. सूर्यवंशी राम आणि चंद्रवंशी कृष्ण ही वाटणी ज्याने योजिली त्याच्या अंगी कवित्व खचित असले पाहिजे. जुगार म्हणून ज्याला नाक मुरडले गेले असते तो खेळ अशा रीतीने नामस्मरणाच्या पंक्तीला जाऊन बसला, आणि डावात परशुरामाने हात सर केला तर सोवळ्यातील आजोबांनाही त्यात वावगे वाटेनासे झाले.

पान बनविण्याचा उपद्व्याप थोडा नव्हे. कागदाचे थर एकमेकांवर चिकटवावयाचे ते चिंचोक्यांच्या खळीने. वाळल्यावर घोटून गुळगुळीत करावयाचे, वर्तुळाकार कापावयाचे, पुढच्या बाजूला रंग भरावयाचा, बारीक कुंचल्याने आकृती उठवावयाच्या, आणि सर्वांवर लाखेचा हात देऊन पाठ एकरंगी करावयाची, म्हणजे मागून कोणते पान कोणते हे कळू नये. कडेला वेलबुट्टी आणि सोनेरी काम असलेला तो दरबारी जोड, साधा तो बाजारी. रंगीत पेटीत घालून दोन्ही विकले जात. आमच्या चांदा-गडचिरोलीच्या रानात पळसावर आणि कुसुंबावर किडा जी लाख घडवितो, तीच ही लाख. रानात काठीने फांद्या खरवडणाऱ्या माणसाला आपण राजा, वजीर आणि अवतार यांच्या तोंडावरील तकाकीचे उत्पादक आहोत याची वार्ताही नसे.

एकोणिसाव्या शतकात छापील विलायती पत्त्यांनी या सर्व उद्योगाचा निकाल लावला. चिताऱ्याला एक जोड पुरा करण्यास जितके दिवस लागत तितक्या वेळात यंत्र हजारो जोड बाहेर टाकी, आणि खेळ शिकण्यासही सोपा, बावन्नच पाने. १८५३ मध्ये तिसऱ्या रघूजीच्या निधनानंतर डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले आणि चांद्यात डेप्युटी कमिशनर येऊन बसला. त्याच्या छावणीत जे पत्ते खेळले जात त्यांत एक रंग बाकी सर्व रंगांना कापीत असे, आणि आपल्या लोकांनी त्या रंगाला नाव दिले ते 'हुकूम'. राजे आणि वजीर यांनी भरलेल्या गंजिफात हुकूम नव्हता, तो कंपनीबरोबर आला, हा योगायोग मी केवळ नमूद करतो. राणीही नवीच, पण तिच्या खालच्या पानाला आपण 'गुलाम' म्हणू लागलो, आणि बादशाही जोडातील त्या झिंगलेल्या चाकरांचे नाव निदान मेंढीकोटाच्या डावात उच्चारले जात राहिले.

सावंतवाडीची कला अगदीच बुडाली नाही याचे श्रेय तेथील शेवटचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांना द्यावे लागते. संस्थान विलीन झाल्यानंतर, हे काम जाणणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले असताना, त्यांनी वृद्ध चिताऱ्याकडून ते स्वतः शिकून घेतले आणि १९७० च्या सुमारास राजवाड्यातच कारागीर बसवून गंजिफा व लाखकाम पुन्हा सुरू केले. मुंबईत वास्तव्य केलेला जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन याने हिंदुस्थानभर हिंडून जुने जोड गोळा केले, म्हैसूरच्या पत्त्यांवर १९७३ साली पुस्तक लिहिले, आणि १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गंजिफाचे प्रदर्शन भरविण्यात पुढाकार घेतला. ज्या देशातून आलेल्या पत्त्यांनी गंजिफाला हुसकून लावले त्याच देशात ती काचेआड सन्मानाने मांडली गेली. सावंतवाडीच्या दरबारी दालनात आजही कारागीर मांडी घालून मत्स्यावताराचे खवले रंगवीत बसलेले दिसतात. पण जोड विकत नेणारे बहुतेक लोक तो भिंतीवर चौकटीत लावतात, आणि एकशेवीस पाने डोक्यात ठेवून दिवसा रामाची उतारी करील असा गडी, एक नव्हे तर तीन, एका बैठकीला जमविणे हे काम राणीसाहेबांच्या कारखान्यालाही साधलेले नाही.